परळची रुग्णालये आणि उद्योजकांचे साहाय्य

मुंबईतील परळ भागात केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभी आहेत. गिरणगावातील या रुग्णसेवेचा मोठा विस्तार १९२५ ते १९४१ या काळात झाला आणि त्यात महापालिकेच्या जोडीने शहरातील व्यापारी व गिरणीमालकांच्या पैशाचा मोठा वाटा होता.

प्रारंभ झाला तो एका अटीने. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी दिली, परंतु तेथील अध्यापक भारतीयच असावेत असे बजावून. त्या काळी वरिष्ठ पदे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, बहुतांशी युरोपीय, अधिकाऱ्यांकडे जात. भारतीय डॉक्टर कितीही निष्णात असला तरी त्याच्या वाट्याला दुय्यम स्थान येई. त्यामुळे या देणगीचे मोल रकमेपेक्षा अटीत अधिक होते, असे म्हणावे लागते. १९२५ मध्ये महाविद्यालय सुरू झाले आणि १९२६ मध्ये त्याला जोडलेले महापालिकेचे केईएम रुग्णालय.

त्याच वर्षी नेस व कुसरो या गिरणीमालक वाडिया बंधूंच्या देणगीतून, त्यांचे वडील नवरोजी यांच्या नावाचे प्रसूतिगृह उभे राहिले. १९२९ मध्ये आई जेरबाई यांच्या नावाचे बालरुग्णालय झाले. ल्युकेमियाने निधन पावलेल्या मेहेरबाई टाटा यांच्या स्मृतीतून प्रेरणा घेऊन सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेले कर्करोग रुग्णालय १९४१ चे.

इमारत एकदाच बांधावी लागते. वेतन आणि औषधे यांचा खर्च मात्र दरमहा उभा राहतो. नेदरलँड्समध्ये २००६ पासूनच्या सक्तीच्या आरोग्यविम्यातून तो मुख्यत्वे भागतो, म्हणून डीमनशेजारच्या विद्यापीठ रुग्णालयात जाताना आपल्याला ही चिंता सहसा जाणवत नाही. परळमध्ये ती पुढच्या पिढ्यांकडे आली. टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारने ताब्यात घेतले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपवले. सरकारी निधीचा हा भक्कम आधार त्याच्या पुढील वाढीमागे आहे. वाडिया रुग्णालये मात्र न्यास, महापालिका आणि राज्य शासन अशा तिघांच्या मध्ये राहिली. थकीत अनुदानाचा वाद जानेवारी २०२० मध्ये इतका चिघळला की नव्या रुग्णांना दाखल करणे थांबले. अखेर ४६ कोटी रुपये देण्याचे ठरले आणि दारे पुन्हा उघडली; मुंबई उच्च न्यायालयानेही कठोर शब्दांत कानउघाडणी केली.