ओटा, पोटमाळा आणि बिऱ्हाड

मराठीत ‘बिऱ्हाड’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. त्याचा एक अर्थ भाड्याची जागा, आणि दुसरा अर्थ चूल-भांड्यांसह मांडलेला सगळा संसार. बिऱ्हाडकरू म्हणजे भाडेकरू, आणि विंचवाचे बिऱ्हाड तर पाठीवरच असते. म्हणजे घर आपल्या मालकीचे असलेच पाहिजे, अशी अट आपल्या भाषेने कधी घातलेली नाही. मग परक्याच्या चार भिंतींचे घर होते ते कशाने? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही कथा-कादंबऱ्यांच्या आधी एका कायद्याकडे वळलो, याचे साहित्याच्या वाचकांना कदाचित नवल वाटेल.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सालचा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने जागेत कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर त्याला जागेबाहेर काढता येते, असे त्याचे सोळावे कलम सांगते. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात कायम बांधकाम कशाला म्हणू नये, याची एक यादी आहे. लाकडी आडभिंत, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी पाडलेली खिडकी, खोटे छत, धुराडे. जरूर तेथे पालिकेची परवानगी घेऊन केलेली ही कामे भाडेकरूच्या विरोधात जात नाहीत. कायद्याची भाषा रूक्ष असते खरी. परंतु ही यादी वाचताना गेल्या शतकातली मुंबईची खोली आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. खाली बसून स्टोव्ह पेटवणारी बाई ज्या दिवशी ओट्यापाशी उभी राहिली, त्या दिवसाची नोंद कायद्याने घेतली आहे, असेच म्हणावे लागेल.

या खोलीचा इतिहास प्लेगपासून सुरू होतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, आणि काही चाळीही बांधल्या. पुढे १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, आणि एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत ‘रचना’ करायची ती कसली? तर आधी उभ्या दिशेने. खुंटी, फडताळ, मांडणी, दोरीवरचे कपडे, आणि उंची पुरली तर पोटमाळा. गाद्यांची वळकटी सकाळी भिंतीशी गेली की शयनगृहाचे माजघर होई.

पण जागेपेक्षाही मोठी रचना वेळेची होती. गिरणगावात एक पाळी कामावर गेली की तिच्या अंथरुणावर दुसरी पाळी निजे. हीच युक्ती एका घरात विद्येसाठी वापरली गेली. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीचे वर्णन येते. खोली एकच, माणसे पुष्कळ. म्हणून भीमराव संध्याकाळीच झोपत, आणि रात्री दोनच्या सुमारास वडील रामजी त्यांना अभ्यासासाठी उठवत. मुलाला अभ्यासाची खोली देणे ज्या बापाला शक्य नव्हते, त्याने रात्रीचा एक तुकडा कापून ती तयार केली. भाड्याच्या घराला आपलेसे करण्याचा याहून विचारपूर्वक केलेला प्रयत्न आम्हांला ठाऊक नाही.

मात्र येथेच थांबलो तर चाळीचे गोडवे गाणाऱ्या लेखांत आणखी एकाची भर पडेल. ओट्याचा आणि पोटमाळ्याचा प्रश्न पुढचा. आधी उंबरठा ओलांडू दिला पाहिजे. १९१७ साली बडोदा संस्थानात नोकरीसाठी गेलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी वसतिगृहात उतरले; अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ सालचा. त्याच्या शीर्षककथेत जात झाकून परक्या गावी राहण्याची किंमत काय असते, ते दिसते. ज्याला आपले नावच दाराबाहेर ठेवावे लागते, त्याने आत पडदे कोणत्या रंगाचे लावावेत, हा प्रश्न उरतच नाही. परळच्या ट्रस्टच्या चाळीत दीर्घकाळ राहिल्यावर बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून; या वास्तूकडे आम्हांला या पार्श्वभूमीवरच पाहावेसे वाटते.

दुसरी अट टिकून राहण्याची. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने बहुतेक जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले आणि मनमानी हकालपट्टीला आळा घातला. त्याचे दुष्परिणामही झाले. भाड्यातून डागडुजी परवडेना म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली, आणि पागडीचा व्यवहार फोफावला. १९९९च्या कायद्याने तो अखेर वैध ठरवला. पण त्या संरक्षणामुळेच तीन-तीन पिढ्यांचे बिऱ्हाड एका खोलीत नांदले. खुंटी ठोकणाऱ्याला ती उद्या उपटावी लागणार नाही, असा भरवसा होता. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम बांधकामाच्या कसोट्या सांगितल्या, त्यांत करणाऱ्याचा हेतू, बांधकामाचा टिकाऊपणा आणि ते काढता येते की नाही, यांचा विचार होता. घराविषयी आम्हांलाही याहून वेगळे काही विचारायचे नाही.

आज शहरांत अकरा महिन्यांचे करार सर्रास होतात. भिंतीला खिळा न ठोकता खोली सजवण्याच्या युक्त्याही पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. परंतु दार उघडण्याआधी आडनाव विचारले जात असेल, आणि बाराव्या महिन्यात आपण कोठे असू हे ठाऊक नसेल, तर त्या सजावटीला बिऱ्हाड म्हणावे की मुक्काम? आमच्या मते, घराची रचना भिंतींपाशी नव्हे, तर या दोन प्रश्नांपाशी सुरू होते.