नवा संगणक आणि जुनी अक्षरे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला, आणि आमच्या मराठी विभागातला संगणक बदलायचे अखेर ठरले. नव्या यंत्रावर कोणती सॉफ्टवेअर आधी चढवायची याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. यादी करायला बसले तेव्हा ध्यानात आले की २००३ साली घरी पहिला संगणक आला तेव्हापासून अशी यादी मी चौथ्यांदा करते आहे. वाणिज्य विभागातल्या सहकाऱ्यांच्या यादीत पहिले नाव हिशेबाच्या आज्ञावलीचे असते, इंग्रजीच्या सहकाऱ्यांना यादीची फारशी गरजच पडत नाही. माझ्या पहिल्या तीन याद्यांत मात्र पहिल्या ओळीवर एकच शब्द होता : ‘मराठी’. मराठी संगणकावर ‘टाकावी’ लागे. हा वाक्प्रयोग आपण इतकी वर्षे किती सहजपणे करत आलो!

प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, पण त्याच्या मुळाशी आपल्या विषयातलाच एक जुना प्रश्न आहे. लेखन म्हणजे उच्चारांची नोंद की आकारांची? भाषाविज्ञानाच्या तासाला आपण हे शिकवतो आणि विसरतो. संगणकावर कोणते सॉफ्टवेअर बसवायचे हे ठरवताना गेल्या चाळीस वर्षांत मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाचे उत्तर, बहुधा नकळत, दिलेले आहे. काही उत्तरे फार महाग पडली.

‘धर्म’ हा शब्द घ्या. उच्चारात र आधी येतो, म नंतर. कागदावर मात्र आधी म येतो आणि मग त्याच्या डोक्यावर रफार चढतो. ‘किती’ म्हणताना क आधी, इकार नंतर; पण मराठी टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवावी लागे, कारण ती डावीकडे असते. यंत्राला उच्चाराशी कर्तव्य नव्हते, त्याला कागदावरची जागा हवी होती. खिळे जुळवणाऱ्यालाही तेच. तेव्हा यात काही बिघडत नव्हते. कागदावर उमटले की काम संपले. संगणकाच्या बाबतीत काम तिथे संपत नाही, सुरू होते. जे साठवले ते पुढे शोधायचे असते, अनुक्रमे लावायचे असते, दुसऱ्या यंत्रावर उघडायचे असते.

ही गोष्ट ज्यांनी फार आधी ओळखली त्यांच्याविषयी मराठीच्या विद्यार्थ्यांना क्वचितच काही सांगितले जाते. १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र उभे राहिले. मोहन तांबे हे त्यातले एक प्रमुख नाव. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि जिस्ट तिथे वाढले. डॉसच्या जमान्यात जिस्ट हे प्रत्यक्ष एक कार्ड होते, संगणकाच्या पोटात बसवायचे. त्यामागची कल्पना मात्र आजही थक्क करणारी आहे. साठवायचा तो उच्चारक्रम. आकार कसा दिसावा हे यंत्राने नियमांवरून ठरवावे. ‘धर्म’ साठवताना ध, र, हलन्त, म; रफार कुठे चढवायचा ही यंत्राची जबाबदारी. शिवाय ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतल्या ‘क’ला एकच क्रमांक, त्यामुळे लिपी बदलली की मजकूर देवनागरीतून गुजरातीत किंवा कन्नडमध्ये दिसू लागे. या संकेतप्रणालीला ‘इस्की’ म्हणतात. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. तिच्या जोडीचा ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकही वर्णमालेच्या तर्कावर रचलेला आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. पाणिनीचा वारसा सांगायचा तर तो असा सांगावा, असे मला नेहमी वाटते.

म्हणजे शहाणे उत्तर १९९१ साली तयार होते. आपण ते घेतले नाही.

कारण विंडोज आली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना देवनागरीचे नियम ठाऊक नव्हते, पण फॉन्ट कुठलाही चालत असे. मग रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट निघाले. एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे, त्यांतली काही राखीव. उरलेल्यांत अर्धी व्यंजने, काने, मात्रा, वेलांट्या, रफार, निवडक जोडाक्षरे कोंबायची. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, बंगळुरूच्या सायबरस्केपची ‘आकृती’, सी-डॅकचेच ‘आयएसएम’ आणि त्याचे सुरेख, योगेश यांसारखे फॉन्ट, फुकट मिळणारा ‘शिवाजी’ : प्रत्येकाची घरे निराळी. पडद्यावर सुरेख मराठी दिसे. आत साठवलेली असत रोमन अक्षरे, कंस, डॉलरची चिन्हे आणि उद्गारचिन्हे. संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नव्हतीच. टंकलेखन यंत्राची दृष्टी, म्हणजे आकाराची बाजू, पुन्हा जिंकली होती. आणि उच्चारक्रमाचा विचार ज्या संस्थेने वाढवला तिच्याच फॉन्टनी विंडोजवर आकारांचे तुकडे साठवावेत, हा या इतिहासातला मला सर्वांत बोचणारा भाग वाटतो.

पण या फॉन्टना नुसते दूषण देणे अन्यायाचे होईल. मराठी प्रकाशनव्यवसाय त्यांनी खिळ्यांतून बाहेर काढला. गावोगावी डीटीपीची दुकाने निघाली, दिवाळी अंकांची पाने पेजमेकरमध्ये लागू लागली, छोट्या गावातल्या कवीला आपला संग्रह परवडू लागला. अक्षरवळणांची विविधताही आली. त्या काळी नव्या संगणकावर यांतले एखादे सॉफ्टवेअर बसवणे हाच सुज्ञपणा होता, कारण मुद्रकाकडे जे असेल तेच आपल्याकडे असावे लागे. (त्यातली महाग सॉफ्टवेअर सोबत एक छोटे कुलूप घेऊन येत, ‘डोंगल’ नावाचे, ते संगणकाच्या मागे खोचल्याशिवाय मराठी उमटत नसे. भाषेला कुलूप ही प्रतिमा कवीला सुचली असती तर आपण तिला अतिरंजित म्हटले असते.)

माझा एम.फिल.चा प्रबंध २००४ साली अशाच एका फॉन्टमध्ये एका दुकानात टंकला गेला. ग्रामीण कथेतील निसर्गवर्णने हा विषय, सात प्रकरणे, दोन फ्लॉपी आणि खबरदारी म्हणून एक सीडी. दुकानदाराने विचारले, ‘मॅडम, फाइल नेऊन काय करणार? प्रिंट आहे ना?’ मी ऐटीत म्हटले, ‘राहू दे, पुढे पुस्तक करायचेय.’

फाइल नेली, पण फॉन्ट नेला नाही. तो दुकानदाराच्या मालकीचा होता आणि अक्षर व फॉन्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच मला ठाऊक नव्हते. चार वर्षांनी सीडी उघडली तेव्हा प्रस्तावनेच्या जागी चिन्हांचा ढिगारा होता. दुकान तोवर बंद झाले होते. विभागाच्या वार्षिकांकांचे आठ अंक, विद्यार्थ्यांनी जमवलेली जात्यावरच्या ओव्यांची वही, एका निवृत्त सरांनी केलेली बोलीशब्दांची सूची, सगळ्यांची हीच गत. सूचीचे दुःख अधिक; कारण छापील प्रतही निघाली नव्हती, आणि अशा फॉन्टमध्ये शब्द अकारविल्हे लावता येत नसल्याने सरांनी हजारभर शब्दांचा क्रम हातानेच लावला होता.

दरम्यान दुसरी वाट तयार होत होती. ऑक्टोबर १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीची १२८ घरे आखताना इस्कीच्या १९८८च्या मसुद्याचा आधार घेतला, म्हणजे कानपूर-पुण्याचा विचार जगाच्या कोष्टकात पोहोचला. पण तो आपल्या टेबलावर यायला आणखी दहा वर्षे लागली. विंडोज २००० आणि २००१ची एक्सपी यांत देवनागरीचे नियम होते, ‘मंगल’ हा फॉन्ट होता. हा फॉन्ट सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांचा, आपल्यापैकी बहुतेकांनी युनिकोड मराठीचे पहिले अक्षर त्यांच्याच वळणात पाहिले आणि त्यांचे नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हते.

एक्सपीवर ही सोय झाकलेली असे. प्रादेशिक भाषांच्या रकान्यात जाऊन ‘गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या (थाई धरून)’ अशा अर्थाच्या वाक्यापुढे खूण करायची. अरबी, हिब्रू, थाई यांच्या पंक्तीला मराठी! खूण केली की संगणक मूळ सीडी मागे, आणि जोडजमव करून घेतलेल्या संगणकाबरोबर मूळ सीडी मिळालेली नसे. खूण राहिली तर वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे पडत आणि जोडाक्षरे सुटत. माझ्या दुसऱ्या यादीत म्हणून पहिली वस्तू होती एका विद्यार्थ्याकडून उसनी आणलेली सीडी. दुसरी होती ‘बरह’, मूळ कन्नडसाठी १९९८ साली निघालेली आज्ञावली, जिच्यात रोमन कळा दाबून देवनागरी लिहिता येई. २००३च्या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो याच सामग्रीवर वाढला. २००७मध्ये व्हिस्टा आली तेव्हा ती खूण करण्याचे कारण उरले नाही.

इथे कथा सुखान्त व्हायला हवी होती. पण युनिकोडही मराठीला थोडे तिरकेच बसले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला भेद मराठी कानाला उपजत कळतो : एक समुद्र, एक डोंगरांतली, एक गुरू, एक स्वयंपाकी. ‘दऱ्या’तला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र मिळवायचा तर ‘ऱ’ हे अक्षर घ्यावे लागते, जे कोष्टकात मुळात द्राविडी भाषांतला एक ध्वनी लिहिण्यासाठी ठेवलेले आहे. पुष्कळांनी त्याऐवजी साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असा मार्ग घेतला. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधयंत्राला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. तोवर अ लिहून वर चंद्र देत असत. त्यामुळे एकाच लेखसंग्रहात ‘ॲरिस्टॉटल’ शोधावा तर अर्धाच सापडतो. कोष्टकात ळ हा ल-च्या शेजारी बसलेला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो; नुसत्या क्रमांकांवर विसंबून कोश लावला तर ‘फळ’ ‘फस’च्या आधी जाते. मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे, हा तर त्या काळचा ठरलेला तक्रारविषय.

हे दोष दुरुस्त होण्यासारखे होते आणि बरेचसे झाले. खरी अडचण मुद्रणाची होती. पेजमेकरला युनिकोड देवनागरी शेवटपर्यंत आली नाही. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनने २०१२च्या आवृत्तीत भारतीय लिप्यांना रीतसर जागा दिली. तोवर, आणि नंतरही बराच काळ, घरी युनिकोडमध्ये लिहायचे, मुद्रकाने ते जुन्या फॉन्टमध्ये उलटवायचे, उलटवताना पडलेल्या चुका मुद्रितशोधनात टिपायच्या, असा द्राविडी प्राणायाम चालला. माझ्या एका लेखात ‘सह्याद्रीच्या दर्या’ छापून आल्या आहेत.

यंदाची, चौथी यादी करताना पहिल्या ओळीत ‘मराठी’ लिहावे लागले नाही. इनस्क्रिप्ट यंत्रातच आहे. २०१९पासून विंडोज १०मध्ये रोमन कळांवरून लिहिण्याची सोयही आली, ती पुढच्या आवृत्तीतही आहे. गूगलचे संगणकावर उतरवून घ्यायचे साधन मधल्या काळात लोकप्रिय झाले आणि मग मागे घेतले गेले, तेव्हा त्यावर हात बसलेले सहकारी आठवडाभर हताश होते. मी त्यांना इनस्क्रिप्टच शिका म्हणते. ते ऐकत नाहीत. लेखनासाठी लिब्रेऑफिस घेतले : फुकट आहे म्हणूनच नव्हे, तर त्याचे फाइल-स्वरूप खुले आहे, आणि बंद दुकानाचा धडा मी एकदा शिकलेली आहे. फॉन्टांत ‘मुक्ता’ आणि ‘नोटो’, दोन्ही मुक्त परवान्याचे. आता यादीच्या शिरोभागी आहेत ती परिवर्तकांची नावे, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावल्यांची. आणि त्याच्याखाली, जमवता येतील तितके जुने फॉन्ट. कारण मूळ फॉन्ट कोणता हे ओळखता आले नाही तर परिवर्तकही आंधळा असतो. वीस वर्षांपूर्वी नव्या संगणकावर जे लिहिण्यासाठी बसवत होतो, तेच आज वाचण्यासाठी बसवतो आहोत.

वार्षिकांकांपैकी सहा अंक परत आले. ओव्यांची वही आली, पण कुठल्या ओवीची ओळ कुठे तुटते हे ठरवायला ज्या गावांतून त्या जमवल्या तिथे पुन्हा जावे लागेल. प्रबंधाच्या दोन फ्लॉप्या वाचल्याच गेल्या नाहीत. सीडीवरून पाच प्रकरणे निघाली. चौथ्या प्रकरणात परिवर्तकाने प्रत्येक अर्ध्या र-चा रफार केला आहे, आणि ते प्रकरण नेमके डोंगरदऱ्यांविषयीचे आहे. रोज चार पाने दुरुस्त करते. सरांच्या बोलीसूचीचा फॉन्ट अजून ओळखता आलेला नाही. तिची फाइल नव्या संगणकावर आहे तशी उतरवून ठेवली आहे, आणि फाइलच्या नावात, कुणाला तरी उपयोग होईल म्हणून, ती ज्या साली टंकली ते साल घातले आहे.