शंभरांतील सात भाग

धातूंच्या भट्ट्या जगांत हजारों वर्षें पेटत आल्या आहेत. परंतु भट्टीचें काम हा उच्च शिक्षणाचा विषय होऊं शकतो, ही कल्पना मात्र अवघी अडीचशें वर्षांची आहे. ती जेथें रुजली, त्या जर्मनींतील फ्रायबर्ग गांवाची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

फ्रायबर्ग हें सॅक्सनींतील डोंगराळ मुलखाचें गांव. ११६८ च्या सुमारास तेथें रुपें सांपडलें आणि त्या रुप्यावर सॅक्सनीचें वैभव उभें राहिलें. भट्टीची विद्या बापाकडून मुलाकडे आणि जाणत्याकडून शिकाऊ उमेदवाराकडे जात असे. ज्वाळेचा रंग पाहून ताव ओळखणारे हात तेथें पुष्कळ होते. तो रंग कां पालटतो हें सांगणारा विरळा.

१७५६ पासून १७६३ पर्यंत चाललेल्या सप्तवार्षिक युद्धानें सॅक्सनी कर्जांत बुडाली. अशा वेळीं हायनित्स आणि ओपेल या दोघां अधिकाऱ्यांनीं सल्ला दिला कीं, खाणी व भट्ट्या चालविणारीं माणसें शास्त्र शिकलेलीं असावींत. राज्यकारभार पाहणाऱ्या राजपुत्र क्साव्हर यानें तो मानला आणि १७६५ सालीं फ्रायबर्ग येथें खाणविद्येची अकादमी स्थापन झाली. खजिना रिता असतांना शिक्षणावर पैसा घालण्याचें हें धाडस होतें.

गेलर्ट यानें तेथें धातुरसायन शिकविण्यास आरंभ केला. वेर्नर हा १७७५ पासून १८१७ पर्यंत खनिजांची पारख शिकवीत होता आणि त्याच्याकरितां युरोपभरचे विद्यार्थी त्या आडगांवीं येत. पुढें जगप्रवासी म्हणून गाजलेला हुम्बोल्ट १७९१ सालीं तेथें दाखल झाला. सकाळीं तो खाणींत उतरे आणि दुपारीं वर्गांत बसे. हात आणि ग्रंथ यांची अशी सांगड हाच त्या शिक्षणाचा कणा होता.

या विद्येचा पहिला धडा दिसावयास साधा आहे. भट्टींत जितकें वजन घातलें, तितकें बाहेर पडलेंच पाहिजे. मग तें धातूच्या रूपानें पडो, मळीच्या रूपानें पडो किंवा धुराच्या रूपानें पडो. जमा आणि खर्च जुळला नाहीं, तर कांहीं तरी नजरेंतून सुटलें आहे असें समजावें. हा व्यापाऱ्याचा हिशेब शुद्ध विज्ञानाच्या कामीं कसा आला, हें पाहण्यासारखें आहे.

१८६३ सालीं राइख हा तेथील अध्यापक जस्ताच्या खनिजाचें पृथक्करण करीत होता. त्याला रंग ओळखूं येत नसत. म्हणून वर्णपट पाहण्याचें काम त्यानें आपला सहकारी रिख्टर याजकडे दिलें. रिख्टरला पूर्वीं कोणीं न पाहिलेली निळीची रेषा दिसली आणि इंडियम हें मूलद्रव्य हातीं लागलें. पुढें १८८५ सालीं जवळच्या खाणींत रुप्याचें एक नवें खनिज निघालें. त्याचें पृथक्करण विंक्लर याजकडे आलें. हा स्वतः त्याच अकादमीचा विद्यार्थी. रुपें, गंधक आणि इतर किरकोळ द्रव्यें यांची बेरीज केली, तर शंभर भागांत सुमारें सात भाग कमी. त्यानें पुन्हां पुन्हां पृथक्करण केलें, तूट कायम. दुसऱ्या कोणीं ती हातचूक म्हणून सोडून दिली असती. विंक्लरनें कित्येक महिने तिचा पिच्छा पुरविला आणि १८८६ सालीं जर्मेनियम वेगळें करून दाखविलें. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलेएव्ह यानें १८७१ सालींच या अज्ञात मूलद्रव्याचा अणुभार ७२ असावा असें भाकित केलें होतें. विंक्लरला तो ७२.३२ आढळला. आवर्तसारणीवरील लोकांची श्रद्धा त्यामुळें दृढ झाली.

त्या वेळीं जर्मेनियमचा कांहींएक उपयोग ठाऊक नव्हता. १९४७ सालीं अमेरिकेंत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला, तो याच मूलद्रव्याच्या तुकड्यावर. इंडियमचा पारदर्शक थर तर आज आपल्या हातांतील दूरध्वनीच्या पडद्यावर असतो.

फ्रायबर्गच्या रुप्याच्या खाणी १९१३ सालीं बंद पडल्या. शिसें व जस्त यांसाठीं पुढें सुरू झालेलें कामही १९६९ सालीं थांबलें. अकादमी मात्र उभी आहे. आतां ती विद्यापीठ असून, पदार्थविज्ञान आणि प्रक्रियांची अभियांत्रिकी हे तेथील प्रमुख विषय आहेत. रुपें अधिक निघावें एवढ्याच हेतूनें जी विद्या राजानें पोसली, ती रुप्याहून दीर्घायुषी ठरली.

उपयुक्त शिक्षण आणि शुद्ध ज्ञान यांत वैर आहे असें मानणारे आजही भेटतात. त्यांनीं विंक्लरची ती अपुरी बेरीज आठवावी. आणि जो तरुण आज धातूंचा किंवा रसायनप्रक्रियांचा अभ्यास करावयास निघाला असेल, त्यानें प्रयोगवहींत आंकडे जुळेनासे झाले म्हणजे रबर हातीं घेण्याची घाई करूं नये. एवढी संवय लागली, तर विद्यापीठांतील चार वर्षें सार्थकीं लागलीं असें खुशाल समजावें.