कंपालातील एका अर्बुदाचा शोध

युगांडातील कंपालाच्या मुलागो रुग्णालयात 1957 साली डॉ. ह्यू ट्रोवेल यांनी आपले शल्यचिकित्सक सहकारी डेनिस बर्किट यांना एक मूल पाहावयास बोलाविले, तेव्हा त्याच्या वरच्या व खालच्या जबड्यांना दोन्ही बाजूंनी एकदमच सूज आलेली होती. आणि पुढे लवकरच जिंजा येथे तशाच चेहऱ्याचे दुसरे मूल दृष्टीस पडताच बर्किट यांनी रुग्णालयाची जुनी दप्तरे उलगडावयास घेतली.

या व्याधीत प्रथम दात हलू लागतात. वरच्या जबड्यातील गाठ नेत्रकोटरात शिरली म्हणजे डोळा पुढे ढकलला जातो, पापण्या मिटेनाशा होतात, आणि उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडून त्यावर व्रण पडतो. मेंगो येथील मिशन रुग्णालयाच्या कितीतरी आधीच्या कागदपत्रांतही अशा मुलांच्या नोंदी आढळतात. परंतु डोळ्याची गाठ डोळ्याच्या खाती, जबड्याची जबड्याच्या आणि पोटाची पोटाच्या खाती जमा होत राहिल्यामुळे, ही सारी एकाच रोगाची ठाणी आहेत हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. ती सांगड घालून बर्किट यांनी 1958 साली निबंध प्रसिद्ध केला; हा लिंफोमा, म्हणजे लसीकापेशींचा कर्करोग होय, असा निर्वाळा पुढे ओ’कोनर व डेव्हिस या विकृतिशास्त्रज्ञांनी दिला.

हे ज्यांना दिसले त्या बर्किट यांना स्वतःला एकच डोळा होता, याचे मला फार विशेष वाटते. आयर्लंडातील एनिस्किलन गावी अकराव्या वर्षी दगडाने चष्मा फुटून त्यांचा एक डोळा गेला होता, आणि वसाहत खात्याकडे केलेला नोकरीचा अर्जही एकदा त्याच सबबीवर नामंजूर झाला होता. त्यांचे वडील परगण्याचे सर्वेक्षक; रॉबिन पक्ष्यांच्या पायांत कडी घालून प्रत्येकाच्या हद्दीचे नकाशे काढण्यात रमणारे. पुत्रानेही नकाशाच हाती घेतला. टेड विल्यम्स व क्लिफ नेल्सन या मिशनरी डॉक्टरांसह, 250 पौंडांस घेतलेल्या जुन्या मोटारीतून, 1961 साली त्यांनी सुमारे 10,000 मैलांचा मुलूख दरमजल पालथा घातला, ठिकठिकाणच्या इस्पितळांत रुग्णांची छायाचित्रे दाखवून विचारपूस केली, आणि या रोगाची सरहद्द उंची, उष्णता व पर्जन्य यांनी आखलेली असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचे व्याख्यान ऐकणाऱ्या अँथनी एपस्टाईन यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना 1964 साली या गाठीच्या पेशींत एक विषाणू सापडला.

जबडा कापून ही मुले वाचत नसत, आणि किरणोपचाराची सोय युगांडात नव्हती. तेव्हा मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाईड यांसारखी औषधे देऊन पाहण्यात आली, आणि थोड्याच दिवसांत गाठ विरून डोळा आपल्या जागी परतू लागला. रोग मज्जासंस्थेत पोचलेली कित्येक मुले पुढे दगावली. पण एक-दोन मात्रांवर कायमची बरी झालेलीही निघाली, आणि 1967 साली कंपालात लिंफोमावरील औषधोपचारासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले.