घाट चढायचा, तर गिअर हलका हवा

रविवारी पहाटे पुण्याहून खडकवासल्याच्या दिशेने निघणाऱ्या सायकलस्वारांत नवशिक्यांची संख्या मोठी असते. धरणापर्यंतचा रस्ता उत्साहात सरतो. सिंहगडाचा घाट सुरू झाला, की मात्र अनेकांवर सायकल हाती धरून चालण्याची वेळ येते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, तर गड सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि यातील बहुतांश चढ अखेरच्या काही किलोमीटरमध्ये आहे. आपली ताकद कमी पडली, असे समजून नवखा स्वार खट्टू होतो. वस्तुतः बरेचदा दोष पायांचा नसतो, सायकलच्या दात्यांचा असतो.

दात्यांचे गणित

पुढच्या दातेरी चाकाच्या दात्यांना मागच्या चकतीच्या दात्यांनी भागले, की पायडलच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरते, ते कळते. शर्यतीच्या जुन्या धाटणीच्या सायकलीत सर्वांत हलका गिअर पुढे ३९ व मागे २५ दाते असा असे. रोड सायकलच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरल्यास एका फेरीत ती ३.३ मीटर पुढे जाते. दोन्हीकडे ३४ दाते असतील, तर हेच अंतर २.१ मीटरवर येते.

स्वार आणि सायकल यांचे एकत्रित वजन ८० किलो आणि चढ आठ टक्के आहे, असे समजू. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या, तर पहिल्या गिअरमध्ये केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे २०५ वॅट शक्ती लागते. दुसऱ्यात सुमारे १३० वॅट पुरते. जड गिअरवर १३० वॅटच लावले, तर फेऱ्या ३८ पर्यंत घसरतात. प्रत्येक दाबाला जोर वाढतो, गुडघ्यांवर ताण येतो आणि तोलही जाऊ लागतो. हलक्या गिअरने एकूण श्रम कमी होत नाहीत. ते अधिक वेळात विभागले जातात, एवढेच.

काय बदलावे?

नवी सायकल घेताना पुढे ५० व ३४ दात्यांची जोडी आणि मागे ११ ते ३२ किंवा ११ ते ३४ दात्यांची कॅसेट पाहावी. पुढे तीन चाके असलेली सायकलही घाटासाठी उत्तम.

जुन्या सायकलीत मागची कॅसेट बदलणे हा सहसा सर्वांत सोपा उपाय. मात्र ती तेवढ्याच गिअरची व सायकलीच्या हबवर बसणारी हवी. मागचा डिरेलर मोठी चकती पेलू शकतो का, हे दुकानात तपासून घ्यावे; आखूड डिरेलरला ते जमतेच असे नाही. चेनही पुरेशी लांब लागते. पुढचे चाक बदलायचे असल्यास पाच बोल्टच्या क्रँकवरील बोल्टच्या वर्तुळाचा व्यास मोजावा. तो १३० मिलिमीटर असेल, तर ३८ दात्यांहून लहान चाक बसत नाही. ११० मिलिमीटरवर ३४ दात्यांचे बसते.

गिअर बदलावा केव्हा?

चढ अंगावर येण्यापूर्वीच. पाय पूर्ण जोरात असताना गिअर बदलल्यास चेन कुरकुरते, प्रसंगी निसटते. बदलताना क्षणभर जोर कमी करावा. फेऱ्या ६० च्या खाली येऊ लागल्या, की पुढची हलकी चकती घ्यावी. सर्वांत हलका गिअर ‘शेवटी लागेल’ म्हणून राखून ठेवण्यात शहाणपण नाही.

हलका गिअर वापरण्यात कमीपणा वाटणे ही खोड जुनीच आहे. ‘टूर द फ्रान्स’सारख्या शर्यतीतही स्पर्धकांना डिरेलर वापरण्याची मुभा १९३७ मध्ये मिळाली. आज तेथील अव्वल स्वारही डोंगरात हलके गिअर लावतात. मग पहिल्यांदाच घाटाला भिडणाऱ्याने संकोच कशाला करावा?