किशोरवयातील जबड्याच्या सांध्याचे विकार व डोकेदुखी

कानापुढे खालचा जबडा व कवटीचे शंखास्थी यांना जोडणारा सांधा आणि चर्वणाचे स्नायू यांत उद्भवणाऱ्या विकारांना जबड्याच्या सांध्याचे विकार म्हणतात. यौवनारंभानंतर, विशेषतः मुलींमध्ये, त्यांचे प्रमाण वाढते.

डोकेदुखीशी संबंध

जबडा मिटणारा एक प्रमुख स्नायू कानशिलावर पसरलेला असल्याने त्यातील वेदना डोकेदुखी म्हणून जाणवते. जबडा व डोके यांच्या संवेदना मुख्यतः ट्रायजेमिनल चेतेमार्फत वाहिल्या जातात. हे विकार व अर्धशिशी अनेकदा एकत्र आढळतात. चावताना वा जांभई देताना दुखणे वाढणे ही महत्त्वाची खूण होय. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०१८) या डोकेदुखीची स्वतंत्र नोंद आहे.

निदान व उपचार

तोंड किती उघडते हे मोजून व स्नायू दाबून तपासणी करतात. वेदनारहित ‘कट्’ आवाजास सहसा उपचार लागत नाहीत. मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम व दात आवळण्याची सवय सोडणे यांनी बहुतेकांना आराम पडतो. दात कानसणे, शस्त्रक्रिया असे अपरिवर्तनीय उपचार वाढत्या वयात शक्यतो टाळतात. वारंवार घेतलेल्या वेदनाशामकांनी डोकेदुखी बळावू शकते. तोंड उत्तरोत्तर कमी उघडणे किंवा हनुवटी एका बाजूस सरकणे ही बालसंधिवाताची लक्षणे असू शकतात. अशा वेळी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.