मुंग्यांनी ओळखलेला रोग

लघवीला मुंग्या लागणे हे प्रमेहाचे पूर्वलक्षण म्हणून चरकसंहितेत नोंदवले आहे. सुश्रुत त्याच्याही पुढे गेला: जन्मजात प्रमेहाचा रोगी कृश, अपथ्याने झालेल्याचा स्थूल. ही विभागणी म्हणजे हुबेहूब आजचे टाइप १ आणि टाइप २ मधुमेह, असे म्हणणे घाईचे ठरेल. पण उपचार पाहा. स्थूलाला व्यायाम. निर्धनाला तर अनवाणी, छत्रीविना शंभर योजने चालायला सांगितले आहे (सावकाराला नव्हे, हे लक्षात घ्यावे). कृशाला मात्र जपायचे, एवढेच. तेव्हा ‘आपल्याकडे सारे होतेच’ हा दावा टिकत नाही. निरीक्षण तल्लख होते, पण कृशाला वाचवणारे औषध नव्हते. ते जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचले गेले तेव्हा आले.